चार मळे, एक पिंप

आमच्या घरात द्राक्षाला तीनच रूपे मान्य होती : ताजे फळ, शिऱ्यातला बेदाणा आणि आईच्या फडताळातील द्राक्षासवाची बाटली. या तिसऱ्या रूपात मद्यार्काचा अंश असतो आणि तो आंबवणातून आपोआप उपजलेला असतो, ही गोष्ट घरात कोणी उच्चारीत नसे. औषध म्हणून चमचाभर घेतलेल्या वस्तूला नाव नसते, असा आमच्या मध्यमवर्गीय धर्मशास्त्राचा निर्णय होता. अशा घरात वाढलेल्या आणि सारा जन्म महाविद्यालयात इंग्रजी वाङ्मय शिकविण्यात घालविलेल्या माणसाने इटलीतील एका लहानशा मळेवाल्याच्या तांबड्या मद्यावर निबंध लिहावा, हे वाचकांस थोडे चमत्कारिक वाटेल. परंतु त्या मद्याने मजपुढे जो प्रश्न टाकला तो वारशाचा होता. आणि वारशाचे प्रश्न आपणा सर्वांच्याच घरी पडून असतात.

इटलीच्या वायव्येस पिएमोंते नावाचा प्रांत आहे. त्याच्या दक्षिणेकडील लांगे या टेकड्यांच्या मुलखात बारोलो हे चिमुकले गाव आहे आणि गावाच्याच नावाचे मद्य तेथे होते. ते केवळ नेबिओलो जातीच्या द्राक्षांचेच असावे लागते. 'नेब्बिया' म्हणजे धुके; शरदातल्या धुक्यापर्यंत हे फळ वेलीवर राहते म्हणून त्यास हे नाव पडले, असे मानतात. हे द्राक्ष मोठे हट्टी. उशिरा पिकते, भलत्या जमिनीत रुजत नाही, आणि त्याचा रस दिसावयास फिकट असूनही आंबट व विलक्षण तुरट असतो. तो तुरटपणा मवाळ होण्यास काळ हाच एक उपाय. म्हणून बाटली विक्रीस काढण्यापूर्वी हे मद्य किमान ३८ महिने मुरले पाहिजे व त्यांपैकी १८ महिने लाकडी पिंपात गेले पाहिजेत, असा तेथील कायदाच आहे.

या गावात मास्कारेल्लो नावाचे एक घराणे आहे. पहिल्या महायुद्धानंतर जूलिओ मास्कारेल्लो यांनी स्वतःच्या नावाने मद्य करण्यास प्रारंभ केला. त्यांचे पुत्र बार्तोलो दुसऱ्या महायुद्धात फॅसिस्टांविरुद्धच्या लढ्यात सामील झाले व नंतर बापाच्या तळघरात कामास लागले. जमीन सारी मिळून सुमारे ५ हेक्टर, म्हणजे आपल्या हिशेबाने साडेबारा एकर. तीही एका जागी नाही. कान्नुबी, सान लोरेन्त्सो आणि रुए हे तीन मळे बारोलोच्या शिवारात, तर रोक्के हा चौथा शेजारच्या ला मोर्रा गावात. या चारही मळ्यांची द्राक्षे एकत्र करून त्यांचे एकच बारोलो करावयाचे, ही या घराची रीत. आंबवण सिमेंटच्या टाक्यांत होते. साली महिनाभर किंवा त्याहूनही अधिक काळ रसात राहू देतात. आणि मग ते मद्य क्रोएशियातील स्लावोनियाच्या ओक लाकडाच्या प्रचंड, जुन्या पिंपांत वर्षानुवर्षे स्वस्थ पडून राहते.

इथवर ही कथा 'जुने ते सोने' या म्हणीचे उदाहरण वाटेल. पण लांगेचा इतिहास त्या म्हणीला इतक्या सहजी साक्ष देत नाही. आज ज्या टेकड्या जागतिक वारशाच्या यादीत आहेत (त्यांस तो मान २०१४ साली मिळाला) त्या विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत दारिद्र्याने गांजलेल्या होत्या. बेप्पे फेनोल्यो याने १९५४ च्या 'ला मालोरा' या कथेत रंगविले आहे ते तेथल्याच कुळांचे दैन्य. युद्धानंतर तरुण पोरे मळे सोडून तुरिनच्या मोटारींच्या कारखान्यात आणि आल्बाच्या चॉकलेटच्या कारखान्यात गेली. जी मागे राहिली त्यांना बापाचे तळघर म्हणजे ओल, बुरशी आणि न विकला जाणारा माल एवढेच दिसे. त्यांच्यापैकी एलिओ आल्तारे या तरुणाने फ्रान्समधील बर्गंडीत जाऊन तेथल्या मळेवाल्यांची सुबत्ता पाहिली, आणि १९८३ च्या सुमारास बापाची जुनी पिंपे यांत्रिक करवतीने कापून काढली. बापाने त्याला वारशातून वगळले, अशी हकीकत तो स्वतःच सांगतो. पुढे १९८६ साली मिथेनॉल मिसळलेल्या हलक्या वाइनने इटलीत वीसहून अधिक माणसे दगावली. इटालियन मद्याची अब्रू धुळीस मिळाली, आणि मग तर नव्या मंडळींचे म्हणणे अधिकच पटू लागले.

या नव्या मंडळींनी फ्रेंच धर्तीची २२५ लिटरांची नवी कोरी लहान पिंपे आणली. त्यांस 'बारिक' म्हणतात. आपल्या भाषेला हा शब्द आयताच शोभावा! त्या पिंपात मद्य लवकर मवाळ होते, गडद दिसते आणि त्यास व्हॅनिलासारखा गोडसर वास येतो. अमेरिकेत त्याची वाहवा झाली व टेकड्यांवर पैसा आला. या तरुणांना पापी ठरविणे मला तरी जमणार नाही. उपाशी घरात परंपरेची थोरवी सांगणारा मनुष्य बहुधा जेवून आलेला असतो.

मग बार्तोलो मास्कारेल्लो अडून का राहिले? केवळ बापाची रीत म्हणून, असे मला वाटत नाही. लहान पिंपाला नकार देण्यास कारण होते : नवे लाकूड आपली चव मद्यास देते आणि मग कोणत्याही मुलखाचे मद्य एकसारखेच लागू लागते, मोठे जुने पिंप हवेचा संथ श्वास तेवढा आत सोडते, आपले काही मिसळीत नाही. चार मळे एकत्र करण्यासही कारण होते : एखाद्या वर्षी ऊन फार, एखाद्या वर्षी पाऊस फार, एका उतारावर जे उणे पडते ते दुसरा भरून काढतो. कान्नुबीचे नाव तर असे की, ते नाव व १७५२ हे साल धारण करणारी एक बाटली आजही जपून ठेवलेली आहे. एकेका मळ्याचे नाव लावून मद्य महाग विकण्याची चाल पडली, तेव्हा हे नाव वेगळे काढून छापण्याचा मोह कोणासही झाला असता. बार्तोलोंनी ते काढले नाही.

उतारवयात ते चाकांच्या खुर्चीला खिळले. तेव्हा बसल्या जागी बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या ते हाताने चितारीत. त्यांपैकी एक जगभर गाजली. तिच्यावरील मजकूर एवढाच, की बारिक नको आणि बेर्लुस्कोनी नको. बेर्लुस्कोनी म्हणजे दूरचित्रवाणीच्या वाहिन्यांचे धनी व इटलीचे पंतप्रधान झालेले गृहस्थ. पिंप आणि पंतप्रधान यांना एकाच दोरीत ओवणे हा थट्टेचा भाग खरा. पण साऱ्या देशाने एकाच चवीचे व्हावे याला त्या म्हाताऱ्याचा विरोध होता, आणि तो त्या थट्टेखाली स्पष्ट दिसतो.

काही वर्षांपूर्वी माझी कन्या तुरिनला शिकत असताना आम्ही दोघे त्या गावी गेलो होतो. एका खाणावळीत तिने माझ्यासाठी या मद्याचा एक पेला मागविला. त्याच्या किमतीत आमच्या घरी आठवड्याची भाजी झाली असती. रंग विटकरीकडे झुकलेला, इतका पातळ की पेल्यातून मेजावरील कापडाची वीण दिसावी. वास वाळलेल्या गुलाबपाकळ्यांचा, आणि त्यामागून डांबराचा. पहिल्या घोटाला हिरडा चघळावा तशी जीभ आवळली. अर्ध्या तासाने तोच घोट निराळा लागला. मी म्हणालो, "हे समजावयास वेळ लागतो." ती हसून म्हणाली, "बाबा, तुमच्या सगळ्याच आवडत्या गोष्टी तशा आहेत. पण वेळ का द्यायचा, ते तुम्ही कधी सांगत नाही."

हे वाक्य मजबरोबर परत आले. बार्तोलो २००५ साली वारले आणि त्यांची कन्या मारिया तेरेझा यांनी तळघर हाती घेतले. चार मळे आजही एकत्रच येतात, पिंपे मोठीच आहेत. इकडे आल्तारेच्या बापाचीही पिंपे तशीच मोठी होती, तरी त्यांच्या नशिबी करवत आली. दोन्ही घरी वारसा एकच; मग गती दोन का झाल्या? अर्थशास्त्रज्ञ याचे उत्तर बाजारभावात शोधील, आणि ते पुष्कळसे खरेही असेल. माझी समजूत अशी की, एका घरी पिंपाबरोबर पिंपाचे कारणही हाती आले, दुसऱ्या घरी नुसते पिंपच आले. ज्याचे कारण सांगता येते ती परंपरा. ज्याचे सांगता येत नाही ती अडगळ, मग ती कितीही वर्षांची असो. विशेष हे की, पुढे नव्या मंडळींपैकीही अनेकजण मोठ्या पिंपांकडे परत वळले. पण त्यांना ते कारण स्वतः, पदरचे पैसे मोजून शोधावे लागले.

मला आता निवृत्तीस थोडी वर्षे उरली आहेत. माझ्या कपाटात व्याख्यानांच्या एकतीस वह्या आहेत, आणि माझ्या जागी येणाऱ्या तरुण प्राध्यापकाने त्या रद्दीत घालू नयेत अशी माझी साहजिक इच्छा आहे. या सत्रापासून मी प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर, हा विषय का शिकवावा, हे दोन वाक्यांत लिहून ठेवावयास लागलो आहे. सतरा वह्या झाल्या. तीन वह्यांसाठी ती दोन वाक्ये मला अद्याप सुचलेली नाहीत; त्या मी निराळ्या काढून ठेवल्या आहेत.