आषाढातले घर

कोकणात जायचे ते मे महिन्यात, असा आपल्याकडे जणू धर्मशास्त्राचाच निर्णय आहे. आंबे, फणस, करवंदे, मुलांच्या सुट्ट्या, एखादे लग्न, सारा योग त्याच महिन्यात जुळून येतो. दुसरा मुहूर्त गणपतीचा. या दोन्ही वेळी कोकणातले घर पाहुण्यांसाठी नटून बसलेले असते. नटूनथटून बसलेल्या माणसाची खरी ओळख होत नाही. घराचेही तसेच आहे. त्याची ओळख करून घ्यायची तर आषाढात जावे.

पूर्वी हे सोपे नव्हते. मुंबईहून सुटणाऱ्या बोटी पावसाळ्यात बंद होत. 17 जुलै 1947 रोजी रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेंवर माणसे गेली. त्यानंतर आमच्या घरात पावसाळी समुद्राचे नाव निघाले, की वडीलधारी माणसे विषय बदलीत. 1998 पासून कोकण रेल्वे थेट धावू लागली. पण पावसाळ्यात तीही बेताबेताने चालते, तिचे वेळापत्रकच निराळे असते. दरडींच्या भयाने माणसे रात्री रुळांवर गस्त घालतात. आपण डब्यात पांघरूण घेऊन पडलेले असतो आणि काचेपलीकडे, धो धो पावसात, एक बत्ती हलते व मागे पडते.

गेल्या आषाढात मी असाच राजापूर तालुक्यात मावशीकडे गेलो. पऱ्ह्यावरचा साकव जपून ओलांडून, निथळत अंगणात उभा राहिलो. मावशी पडवीत आली. "ये" म्हणण्याआधी तिने विचारले, "कोण आजारी आहे का रे मुंबईत?" पावसाळ्यात पाहुणा येतो तो वाईट बातमी घेऊनच, हा तिचा अनुभव!

पाऊस तरी केवढा! अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला अडतात आणि आपले ओझे इथेच उतरवतात. रत्नागिरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. पुण्याला त्याची चौथाईही नाही. पण डोंगर उभा, नद्या आखूड आणि जांभा दगड सच्छिद्र. आभाळाने ओतलेले पाणी बघता बघता खाडीला मिळते, आणि वैशाखात त्याच वाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. जुलै 2021 मध्ये वाशिष्ठीने चिपळूणची बाजारपेठ बुडवली, तोही याच पावसाचा प्रताप.

बाहेर जाण्याची सोय नसल्यामुळे मी घर पाहू लागलो. पडवीला नारळाची झापे बांधून झड अडवली होती. माजघर दुपारीही अंधारे. चुलीवरच्या वलणीवर कपडे सुकत होते, त्यांना धुराचा वास. जेवायला लाल तांदळाचा भात, कुळथाची पिठी आणि परसातला टाकळा. संध्याकाळी निखाऱ्यात भाजलेल्या फणसाच्या आठळ्या. खाली मळ्यात इरली पांघरून बायका तरवा लावीत होत्या. वरचे दोन कोपरे मात्र ओसाड होते. मावशी म्हणाली, "लावणीला माणसं मिळायला हवीत ना?"

तिसऱ्या रात्री वारा सुटला. कुठेतरी कौल सरकले आणि माजघरात टपटप सुरू झाली. मी जागा होऊन बॅटरी शोधतो आहे, तोवर मावशीने त्या थेंबांखाली तपेले आणून ठेवलेसुद्धा! सकाळी शेजारचा मुलगा शिडी लावून वर चढला आणि दहा मिनिटांत कौल बसवून गेला.

चहा घेताना मी विचारले, "मावशी, हे चार महिने तू मुंबईला का येत नाहीस? मेच्या सुमारास परत ये हवी तर."

ती काही बोलली नाही. मला मागच्या दारी घेऊन गेली आणि पलीकडच्या घराकडे बोट दाखवले. घरातली सगळी माणसे नोकरीसाठी गेलेली, घराला कुलूप. आढे मधोमध वाकले होते आणि एका पाख्यातून रान वर आले होते.

"दोन पावसाळे बंद होतं," ती म्हणाली. "पहिल्या पावसाळ्यात एक कौल सरकलं असेल. बघायला कोणी नाही. पाणी भिंतीत उतरलं. चूल पेटत नाही, म्हणजे वाशांना धूर नाही; मग वाळवी येते. उन्हाळ्यात घर आपलं आपण उभं राहतं रे. पावसाळ्यात त्याला माणूस लागतं."

या बोलण्यात तक्रार नव्हती. छपराचा हिशेब सांगावा तसे तिने ते सांगितले. पण मला आमचे सगळे चुलते-मावसे डोळ्यांपुढे आले. गणपतीला पाट मांडताना, आरतीला टाळ कुटताना आम्ही मोठ्या अभिमानाने म्हणतो, "आमचं गावचं घर!" ते घर आम्हांला भाद्रपदात उभे सापडते, कारण आषाढात कोणीतरी एकटे जागे राहिलेले असते. शाकारणीचे पैसे आम्ही न चुकता पाठवतो, हे खरे. पण रात्री तीन वाजता टपटप ऐकू येणारे कान मनीऑर्डरीने पाठवता येत नाहीत, आणि फोनवरूनही नाहीत.

मावशीचे वय आता सत्त्याहत्तर. पुढच्या आषाढात आमच्यापैकी कोणी पंधरा दिवस जायचे, याची बोलणी आमच्या घरात सुरू आहेत. आंबे खायला जायचे असते, तर यादी एव्हाना तयार झाली असती.