घरामागची मोटार

मुलांनो, चाकांवरचं घर पाहिलंय कधी? २०२३च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी अमेरिकेत ताईकडे गेले होते. ती ओहायो राज्यात राहते. शेजारच्या इंडियाना राज्यात एल्कहार्ट नावाचं गाव आहे. त्या भागात अशी घरं बनवणारे पुष्कळ कारखाने आहेत. तिथून ताई-भाऊजींना नवं मोटारहोम आणायचं होतं. आत पलंग, शेगडी, न्हाणीघर, सगळं! पण भाजी आणायला एवढं धूड कोण नेणार? म्हणून तिकडचे लोक मागे आपली लहान मोटार जोडतात. घर एका जागी उभं करायचं नि मोटारीतून हिंडायचं.

तुम्ही म्हणाल, दोरीनं बांधली की झालं! छे! भाऊजी महिनाभर वही घेऊन बसले होते.

पहिला प्रश्न मोटारीचाच. अकरा वर्षांची जुनी, सगळ्यांची लाडकी. भाची तिच्यातच लहानाची मोठी झाली. गिअर आपोआप बदलणाऱ्या बऱ्याच मोटारींत इंजिन चालू असेल तेव्हाच गिअरपेटीत तेल फिरतं. इंजिन बंद ठेवून चारी चाकांवर ओढली, तर आतले भाग फिरतात, पण तेल पोचत नाही. मग ते तापून खराब होतात. ओळखीचे एकजण म्हणाले, "काही होत नाही, न्या खुशाल!" भाऊजींनी मोटारीचं माहितीपुस्तक उघडलं. त्यात साफ लिहिलेलं, अशी ओढू नये. भाचीचे डोळे भरून आले. "बाबा, विकायची का मग?"

पण तोड निघाली. डॉली नावाची दोन चाकांची बुटकी गाडी मिळते. तिच्यावर मोटारीची पुढची चाकं चढवून पट्ट्यांनी आवळायची. या मोटारीत इंजिनाची ताकद पुढच्याच चाकांना मिळते. ती फिरली नाहीत, की गिअरपेटी सुरक्षित! पुस्तकातही तशी परवानगी होती.

आता गणित. मोटार ३,००० पौंड, डॉली ७०० पौंड. एकूण ३,७०० पौंड, म्हणजे सुमारे १,६८० किलो. मागचा हुक ५,००० पौंड पेलणारा. पण डॉली ज्या लोखंडी गोळ्यावर अडकवायची, त्यावर भाचीनं आकडा वाचला, ३,५००! सांगा बरं, चालेल? मुळीच नाही. सगळ्यांत कच्ची कडी जेवढी, तेवढीच साखळीची ताकद. भाऊजींनी दणकट गोळा आणला.

शिवाय डॉलीला स्वतःचे ब्रेक हवेत. जोड सुटलाच तर धरून ठेवायला खालून फुलीसारख्या दोन साखळ्या हव्यात. मोटारीच्या पाठीवर घराच्या दिव्यांबरोबर लागणारे दिवे हवेत. आणि मागे मोटार असताना रिव्हर्स घ्यायचा नाही, ती आडवी वळते! म्हणून पेट्रोलपंपात शिरण्याआधी बाहेरची वाट बघायची.

एल्कहार्टला भाची यादी वाचत होती, भाऊजी तपासत होते. नळ, गॅस, दिवे, छप्पर. निघाल्यावर थोड्याच अंतरावर ते थांबले नि पट्टे पाहिले. सैल झाले होते! पुन्हा आवळले, मगच पुढे.

आपल्याकडे ऊसतोडीच्या दिवसांत ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या जोडतात. तुमच्या घरी ट्रॅक्टर असेल, तर आज एक काम करा. ट्रॉलीच्या मागे लाल दिवा, चमकणारी पट्टी आहे का बघा. नसेल तर बाबांच्या मागेच लागा. अंधारात मागून सायकलवर येणारा तुमचाच मित्र असेल!