टेबल कोणाच्या नावावर?

गेल्या महिन्यात पनवेलला एका अभ्यासवर्गाच्या मधल्या सुट्टीत एक तरुण कार्यकर्ता आम्हाला म्हणाला, "तुम्ही आता मोठी माणसं झालात. वस्तीत नळाला दिवसाआड पाणी आणि तुम्ही काड्यांनी नूडल्स खाताय." हॉटेलातला आमचा फोटो त्याच्या पाहण्यात आला होता. बाकीची पोरं हसली. आम्हीही हसलो, पण त्याला तिथे नीट उत्तर देता आलं नाही. ते उत्तर इथे लिहितोय, कारण असं म्हणणारा तो एकटा नाही. चळवळीतल्या माणसाने चांगलं खाल्लं, चांगलं नेसलं की आपल्यातलाच कुणीतरी हिशेब मागायला येतो.

झालं होतं असं की भाचीला नर्सिंगला प्रवेश मिळाला. पार्टी कुठे, हे तिनेच ठरवलं. नवीन पनवेलच्या बाजूला एक हॉटेल आहे, तिथे म्हणे तैवानी पदार्थ मिळतात आणि शनिवार-रविवारी बाहेर रांग असते. आई, ताई, दाजी, भाची, भाचा, आम्ही दोघं, चळवळीतला एक जुना मित्र आणि आमच्या संस्थेतली एक मैत्रीण, असे नऊ जण गेलो. मैत्रीण सवर्ण घरातली आहे. सहा वर्षं सोबत काम करतेय, मोर्च्यात उन्हात उभी राहते, आमच्या घरी येऊन सुकट-भाकरी हक्काने मागून खाते. हे आधीच सांगतो, कारण पुढे जे लिहिणार आहोत ते तिच्यावर राग म्हणून लिहिलेलं नाही.

दारात एक मुलगा वही घेऊन उभा होता. "नाव सांगा, वेटिंग आहे." आम्ही तोंड उघडायच्या आत मैत्रीण पुढे झाली आणि तिने स्वतःचं आडनाव सांगितलं. वर हसून म्हणाली, "माझ्या नावावर लवकर मिळेल."

साधं वाक्य होतं. कदाचित त्या हॉटेलात तिची ओळख असेल, असं आम्ही मनात म्हटलं. वीसेक मिनिटांनी त्या मुलाने तिचं आडनाव पुकारलं, "नऊ जण". सगळे उठले. आई खुर्चीवर बसूनच राहिली. ताईने हात धरला तर म्हणाली, "आपल्याला कुठं बोलावलंय?"

आईला ऐकू कमी येतं असं नाही.

पनवेलमध्ये राहणाऱ्या माणसाला हॉटेल, पाणी आणि नाव हे तीन शब्द एकत्र आले की सोनबा येलवे आठवतो. आठवत नसेल तर आठवायला हवा. मुंबईहून महाडकडे जाणारा रस्ता पनवेलवरून जातो. गोष्ट अशी सांगतात की बाबासाहेब या रस्त्याने जाताना पनवेलला थांबले, तहान लागली होती, आणि इथल्या हॉटेलवाल्याने त्यांना पाणी दिलं नाही. सोनबाला हे कळलं तेव्हा बाबासाहेब निघून गेले होते. आपल्या गावातून बाबासाहेब तहानलेले गेले, हे त्याच्या जिवाला लागलं. तेव्हापासून तो रोज पाण्याचा माठ भरून त्या रस्त्याला झाडाखाली बसायचा. साहेब परत येतील तेव्हा त्यांना पाणी द्यायचं म्हणून. वाट पाहता पाहताच तो गेला. आईने ही गोष्ट आम्हाला लहानपणी सांगितली, तिला तिच्या आईने. भाचा-भाचीला मात्र ती आम्ही त्या रात्री, हॉटेलच्या टेबलावर, पहिल्यांदा सांगितली. ही आमची चूक.

तर टेबलाकडे येऊ. मेनूकार्ड हातात आलं आणि भाचा ओरडला, "आजी, तैवान! आपल्या पुस्तकावरचं तैवान!" आमच्या घरी 'द बुद्धा अँड हिज धम्म'ची इंग्रजी प्रत आहे, दीक्षाभूमीहून आणलेली, फुकट वाटपासाठी छापलेली. ती छापली तैपेईच्या बुद्धा एज्युकेशनल फाउंडेशनने. आपल्यापैकी कित्येकांच्या घरात ती प्रत असेल. बाबासाहेबांचा हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर 1957 मध्ये आला, आणि पुढे हजारो मैलांवरच्या एका बेटावरच्या बौद्धांनी तो छापून आपल्या हातात मोफत ठेवला. आई इंग्रजी वाचत नाही, पण ते पुस्तक रोज पुसते. त्यामुळे तैवान म्हणजे काय हे आमच्या घरात हॉटेलाच्या आधीपासून ठाऊक होतं.

जेवण छान होतं. बाओ म्हणजे वाफवलेल्या मऊ पावात भरलेलं मटण, तिथे डुकराचं असतं, इथे चिकन होतं. थ्री कप चिकन म्हणून एक प्रकार आला. तिळाचं तेल, सोया सॉस आणि तांदळाची दारू एकेक कप घालून करतात, असं वाढणाऱ्या पोराने सांगितलं. दाजी लगेच म्हणाले, "म्हणजे पाचवं शील मोडलं की!" मित्राने निकाल दिला की दारू शिजताना उडते, शील शाबूत आहे. चहात काळे गोळे होते. आईने एक चावून पाहिला. "अगं, हा तर साबुदाणा! तुझी पणजी चोरून खायची तो." आमची पणजी धर्मांतरानंतरही काही वर्षं कुणाला न सांगता चतुर्थी धरायची, हा घरातला जुना विनोद आहे. ते काळे गोळे आणि आपला साबुदाणा, दोन्ही एकाच कंदाच्या पिठाचे, त्यामुळे आईची जीभ अचूक होती. उपासाचा पदार्थ तैवानला जाऊन परत आला तो थंड चहात पडून.

एक पदार्थ मेनूत नव्हता. तैवानची सगळ्यात प्रसिद्ध डिश बीफ नूडल सूप. महाराष्ट्रात 2015 पासून गोवंशाच्या मांसावर बंदी आहे, तेव्हा इथे चिकन नूडल सूप. आईच्या लहानपणी घराच्या दोरीवर चान्या वाळत असायच्या, ते ती आता शेजारी कोण बसलंय हे पाहून सांगते. त्या रात्री मैत्रीण समोर असूनही सांगितलं. शाहू पाटोळेंचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी वाचावं. आपल्या आयांनी जे लपवलं ते त्यात आहे.

आता त्या तरुण मित्राला उत्तर. हॉटेलात बसून खाणं म्हणजे चळवळ सोडणं, हे तू कुठून शिकलास? राज्यघटनेचा अनुच्छेद 15(2) उघडून बघ. त्यात दोन उपखंड आहेत. पहिल्यात दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं, करमणुकीच्या जागा. दुसऱ्यात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते. म्हणजे चवदार तळं आणि हॉटेलातलं टेबल एकाच कलमात शेजारी शेजारी बसलेत. 29 नोव्हेंबर 1948 ला संविधान सभेत यावर चर्चा झाली तेव्हा एका सदस्याने न्हाव्याचं दुकान, लाँड्री यांचं काय, असं विचारलं होतं. बाबासाहेबांनी दुकान या शब्दाचा अर्थ मुद्दाम रुंद केला. जो येईल त्याला सेवा देण्याची तयारी ठेवून मालक जिथे बसलाय ती जागा म्हणजे दुकान. हॉटेल हा शब्द त्यांनी चैन म्हणून लिहू दिला नाही. 1901 च्या सुमाराला साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेला तो मुलगा मसूर स्टेशनवर उतरल्यावर काय झालं, ते त्यांनीच लिहून ठेवलंय. सोबत डबा भरलेला होता. पाणी कुणी देईना, म्हणून भावंडं न जेवता झोपली. अन्न असून उपाशी. ज्याने ते भोगलं त्याला हॉटेल काय असतं ते कळतं.

आणि महाडला 20 मार्च 1927 ला पाणी प्याल्यावर हल्ला झाला तेव्हा मंडपात काही माणसं जेवायला बसली होती. देवळात घुसणार अशी आवई उठवून लाठ्या घेऊन आलेल्यांनी त्यांचं अन्न मातीत कालवलं. तळ्यासाठी कोर्टात 1937 पर्यंत भांडावं लागलं. त्या मातीत सांडलेल्या ताटांची भरपाई कुठल्या कोर्टाने केली नाही. आमची आई साठीत पहिल्यांदा काड्या हातात धरते, त्या निसटतात, सगळं टेबल हसतं, तीही हसते. यात कुणाला चंगळ दिसत असेल तर त्याने आधी महाड वाचावं.

पण एवढ्यावर उत्तर संपत नाही. उत्तर इथेच थांबवलं तर आम्ही स्वतःलाच फसवतोय.

जेवताना आई हात धुवायला गेली ती बराच वेळ आली नाही. ताई बघायला गेली तर आई बाथरूमच्या दाराशी फरशी पुसणाऱ्या बाईंशी बोलत उभी. गळ्यातल्या पेंडंटवरून ओळख पटली होती. जय भीम झालं, गाव विचारून झालं, तालुका एकच निघाला. त्या बाई तिथे सकाळी अकरा ते रात्री अकरा असतात. जेवण हॉटेलचंच मिळतं, पण ते मागच्या जिन्यात बसून. "किचनमधली पोरं आत खातात, आम्ही दोघी जिन्यात," असं त्यांनी आईला सांगितलं. तक्रार म्हणून नाही, विचारलं म्हणून सांगितलं. वाढणारी पोरं ईशान्येकडची आणि नेपाळची होती. शेजारच्या टेबलावरचा एक जण त्यांना शिटी वाजवून बोलवत होता आणि तोंडाने काय म्हणत होता ते लिहीत नाही. आमचा भाचाही एकदा "ते चायनावाले दादा" म्हणाला. त्याला तिथेच थांबवलं. पोराने बिल्ल्यावर नाव लिहिलेलं होतं, ते वाचायला लावलं.

म्हणजे समोरच्या दाराने 15(2) आत आलंय आणि मागच्या जिन्यात अजून कोण बसतंय ते तसंच आहे. आम्ही जाऊन मॅनेजरला विचारलं. तो म्हणाला, "आत जागा कमी आहे सर." जागा नेहमी ठराविक माणसांनाच कमी कशी पडते, हे समाजशास्त्रात एम. ए. करूनही आम्हाला कुणी समजावलेलं नाही. संस्थेतर्फे त्या बाईंशी पुढे बोलणं चालू आहे. त्यांची नोकरी जाऊ नये ही काळजी आधी, म्हणून इथे जास्त लिहीत नाही.

आता मैत्रिणीचं. बिल यायच्या आधी आमच्या मित्राने विषय काढला. तो फटकळ आहे. "तुझ्या नावावर लवकर मिळेल म्हणजे काय गं?" ती गोंधळली. म्हणाली, "अरे, तसं नव्हतं मनात. मागे दोनदा इथे आले होते, वहीत नंबर आहे माझा." आम्हाला ते खरं वाटतं. मग मित्र म्हणाला, "बरं. सहा वर्षं झाली, तुझ्या घरी जेवलोय का आम्ही कधी?"

टेबलावर एकदम शांतता. भाचीने फोन खाली ठेवला.

आम्ही तिच्या घरी गेलोय. पनवेल गावातला जुना वाडा, पुढची खोली, चहा, बिस्किटं, तिची आई प्रेमाने बोलते. गणपतीत प्रसाद हातात मिळालाय. ताट मात्र कधी मांडलं गेलं नाही, आणि खरं सांगायचं तर आम्हीही कधी ते मोजलं नव्हतं. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "आजी आहे घरात." एवढंच. पुढचं आम्हाला कळतं हे तिलाही कळतं.

1936 च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये बाबासाहेबांनी सहभोजनाबद्दल स्पष्ट सांगितलंय. एकत्र जेवल्याने जात मरत नाही, एकत्र जेवणाऱ्या जाती आपापल्या जागी टिकून राहतात, खरा उपाय आंतरजातीय विवाह. हॉटेलातलं सहभोजन तर त्याहून सोपं. टेबल भाड्याचं, ताट दुसऱ्याचं, धुणारा तिसरा. कुणाच्या घरातलं काहीच विटाळत नाही. म्हणून गंगाराम कांबळेंची गोष्ट आम्हाला नेहमी वेगळी वाटते. पाण्याला शिवला म्हणून मार खाल्लेल्या या माणसाला शाहू महाराजांनी कोल्हापुरात चहाचं हॉटेल काढून दिलं, 'सत्यसुधारक'. आणि मग स्वतः तिथे गाडी थांबवून चहा घेतला, सोबतच्या बड्या मंडळींनाही घ्यायला लावला. तिथे भांडं दलिताचं होतं. महाराज त्याच्या दारात आले. आमच्या मैत्रिणीने हे सहा वर्षांपूर्वीच केलंय, आमच्या चुलीपाशी बसून. उलटा रस्ता तिच्या घरातून जातो, आणि तो तिलाच काढावा लागेल. आम्ही तो तिच्या वतीने काढू शकत नाही. मित्राच्या फटकळपणाने काढता येईल असंही वाटत नाही. तिची आजी पंच्याऐंशीची आहे, आणि "आजी गेल्यावर बघू" हे उत्तर कुणालाच नको आहे. तिलाही नको असावं. परवा ऑफिसात तिने विचारलं, तुम्हाला पुरणपोळी चालते ना. आम्ही चालते म्हटलं. तारीख अजून तिने सांगितलेली नाही.

बिल साडेचार हजारांच्या वर गेलं. ते आम्ही आणि मित्राने अर्धं अर्धं भरलं. पुढचे दोन महिने हॉटेल नाही, हे घरात तिथल्या तिथे जाहीर झालं.

दोन महिने काही टिकलं नाही. भाचीचा पहिला हप्ता भरून झाल्यावर आई म्हणाली, तो साबुदाण्याचा चहा पिऊ परत. रविवार होता, गर्दी होती. वहीवाल्या मुलाने नाव विचारलं तर आई आम्हाला बाजूला सारून पुढे झाली आणि आडनाव सांगितलं, आमचं, मोठ्याने, दोनदा. मुलाने ऱ्हस्व-दीर्घ चुकवून लिहिलं. आईने वही आपल्याकडे वळवून घेतली, तपासली, आणि दुरुस्त करायला लावलं. टेबल मिळायला पस्तीस मिनिटं लागली.