कराड ते हरिपूर : कृष्णाकाठचा एक दिवस

महाबळेश्वरला उगम पावलेली कृष्णा वाई आणि माहुली मागे टाकून कराडला येते तेव्हा ती डोंगरातली नदी उरलेली नसते. कराडपासून पुढे तिचा उतार मंदावतो, पात्र रुंदावते आणि दोन्ही काठांना मळीची काळी जमीन सुरू होते. या टप्प्यात कराडचा संगम, बहेचे बेट, औदुंबर-भिलवडीचे समोरासमोरचे घाट, सांगली आणि हरिपूर ही ठिकाणे एकामागून एक येतात. सकाळी कराड सोडले तर ती एका दिवसात पाहून होतात. पुढील वर्णन माघातल्या एका रविवारी केलेल्या अशा फेरीवर आधारलेले आहे.

कराडला उत्तरेकडून कृष्णा येते, दुसऱ्या बाजूने कोयना. नद्यांचे संगम बहुधा तिरपे असतात. एक नदी दुसरीच्या कुशीत शिरते. इथे मात्र दोघी जवळजवळ समोरासमोर येऊन भेटतात आणि पूर्वेकडे वळतात. या प्रीतिसंगमाच्या काठी यशवंतराव चव्हाण यांची समाधी आहे. जन्म देवराष्ट्र्याचा, कर्मभूमी कराड. म्हणजे आजच्या हिशेबाने सांगली आणि सातारा या दोन्ही जिल्ह्यांना त्यांच्यावर हक्क सांगता येतो. सकाळी सातच्या सुमारास घाटावर फिरायला आलेले लोक, कृष्णामाईच्या देवळातून बाहेर पडणाऱ्या बायका आणि पाण्यावर धुक्याचा पातळ थर होता. कराडचे जुने नाव करहाटक. गावातले दोन उंच मनोरे आदिलशाही काळाची आठवण देतात, पंताच्या कोटात नकट्या रावळाची मोठी पायऱ्यांची विहीर आहे आणि जवळच आगाशिवाच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत. या सगळ्यासाठी वेगळा दिवस राखून ठेवणे बरे. संगम पाहून निघावे.

महामार्गाने पेठ नाका, तिथून इस्लामपूर म्हणजे आताचे ईश्वरपूर, आणि पुढे ताकारीच्या रस्त्याने बहे. दोन्ही बाजूंना ऊस. माघात तोडणी चालू असते, त्यामुळे उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागून सरकत जाण्याची तयारी ठेवावी लागते.

बहे हे वाळवा तालुक्यातले गाव. गावाजवळ कृष्णेच्या पात्रात काळा खडक उघडा पडलेला आहे आणि नदी त्याच्या दोन्ही अंगांनी वाहते. मधल्या भूभागाला रामलिंग बेट म्हणतात. कृष्णेच्या या टप्प्यात देवस्थान म्हणून नावाजलेले बेट हेच, आणि दिवसभराच्या फेरीतले सर्वांत पाहण्यासारखे ठिकाणही हेच. तरी बाहेरची वर्दळ इथे सर्वांत कमी आढळली.

बेटाची कथा रामायणाशी जोडलेली आहे. लंकेहून परतताना रामाने इथे शिवलिंग स्थापून पूजा मांडली. तो ध्यानात असताना कृष्णेला पूर आला. तेव्हा मारुती मागे उभा राहिला, त्याने बाहू पसरून पाणी अडवले आणि प्रवाह दुभंगून दोन्ही बाजूंनी वाहू लागला. मधे राहिले ते बेट. भूगोलाच्या भाषेत सांगायचे तर कठीण खडकाला नदी कापू शकली नाही म्हणून तिने वळसा घातला. कथा रचणाऱ्यांनी नदीचे वागणे नीट पाहिले होते, एवढे मात्र मान्य करावे लागते.

समर्थ रामदासांनी स्थापलेल्या अकरा मारुतींपैकी एक इथे आहे. स्थापनेचे वर्ष शके 1573 सांगतात. अकरांपैकी शहापूर, मसूर, उंब्रज, शिंगणवाडी, माजगाव आणि चाफळचे दोन असे सात सातारा जिल्ह्यात आहेत; बहे आणि शिराळा सांगलीत, मनपाडळे आणि पारगाव कोल्हापुरात. समर्थ बेटावर आले तेव्हा त्यांना राम दिसला, मारुती दिसला नाही. मग त्यांनी डोहात उडी घेऊन मूर्ती वर काढली, अशी आख्यायिका आहे. मूर्ती मोठी, मुकुटधारी, आणि दोन्ही हातांनी पाणी थोपवून धरल्याच्या पवित्र्यात उभी आहे. मारुती म्हटले की गदा, द्रोणागिरी किंवा जोडलेले हात डोळ्यांपुढे येतात. नदीला अडवणारा मारुती ही कल्पनाच या जागेची आहे. ती दुसरीकडे नेली तर तिला अर्थ राहणार नाही.

पाणी उतरलेले असले की बेटावर पायी जाता येते, तसे या वेळी गेले. पात्रातल्या दगडांवर शेवाळ असते, त्यामुळे चपला हातात घेऊन चालणेच सोयीचे पडले. पावसाळ्यात बेटाचा काठाशी संबंध तुटतो. माघात नदीला इतके पाणी कसे, असा प्रश्न नव्या माणसाला पडतो. त्याचे उत्तर वर कोयनेत आहे. धरणातले बरेचसे पाणी पश्चिमेकडे वळवून वीज केली जाते. उरलेल्यातले काही सिंचनासाठी खाली सोडतात, आणि टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजना कृष्णेतून पाणी उचलून पूर्वेकडच्या कोरड्या तालुक्यांना देतात. म्हणजे बेटाभोवतीच्या पाण्याची उंची आता ऋतूइतकीच पाटबंधारे खात्याच्या वेळापत्रकावरही ठरते.

बहेचा पूल ओलांडला की ताकारी. तिथून किर्लोस्करवाडी, पलूस आणि भिलवडी. किर्लोस्करवाडी 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी वसवली आणि भिलवडीत 1939 साली भास्कर गणेश चितळे यांनी दुधाचा व्यवसाय सुरू केला, हे माहीत असले की या साध्या दिसणाऱ्या पट्ट्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिले जाते. वांगी मात्र रस्त्याकडेलाच मिळतात. कृष्णाकाठच्या वांग्यांची ख्याती मळीच्या जमिनीमुळे आहे. पूर ओसरताना जो गाळ ठेवून जातो, त्यातच ती पिकतात.

भिलवडीचा दगडी घाट रुंद आणि भक्कम आहे. अलीकडे भुवनेश्वरीचे देऊळ, पलीकडे अंकलखोपच्या बाजूला औदुंबरच्या झाडीत दत्तपादुकांचे स्थान. नृसिंह सरस्वतींनी इथे चातुर्मास केला, अशी परंपरा आहे. करवीरचा एक मंदबुद्धीचा मुलगा भुवनेश्वरीपुढे जीभ कापून ठेवतो आणि देवी त्याला नदीपलीकडच्या गुरूकडे पाठवते, ही गुरुचरित्रातली कथा नावेतून पार होताना आपोआप समजते. दोन्ही देवस्थाने एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात आहेत. औदुंबरचे दुसरे दैवत साहित्य. कवी सुधांशू इथले. सदानंद साहित्य मंडळाचे संमेलन दर मकर संक्रांतीला इथे भरते. छोट्या गावाने दशकानुदशके चालवलेला असा उत्सव महाराष्ट्रात फार ठिकाणी नाही.

या भागातल्या कृष्णेत मगरी आहेत. नावाड्याला विचारले तेव्हा त्याने वल्हे न थांबवता सांगितले, “हायत की. पर आपून त्येंच्या वाटंला जायाचं न्हाई.” भिलवडी, औदुंबर, आमणापूर, ब्रह्मनाळ या पट्ट्यात त्या काठावर उन्हात पडलेल्या दिसतात. ब्रह्मनाळला येरळा कृष्णेला मिळते. ऑगस्ट 2019 च्या महापुरात गावातून बाहेर पडणाऱ्या लोकांची नाव तिथे उलटली आणि अनेकांचे प्राण गेले. शांत पाणी पाहताना हे आठवणे अप्रिय असले तरी आवश्यक आहे.

अंकलखोप-आष्टा मार्गाने गेले तर सांगलीत शिरताना आयर्विन पूल लागतो. 1929 साली झालेल्या या पुलावरची पाणीपातळी हे सांगलीचे पावसाळ्यातले रोजचे बोलणे असते. 40 फूट म्हणजे इशारा, 45 फूट म्हणजे धोका. 2019 मध्ये पाणी 57 फुटांवर गेले होते. पुलाच्या अलीकडे सांगलीवाडी. इथल्या पैलवानी तरुणांच्या होड्यांच्या शर्यती पावसाळ्यात काठ गर्दीने भरून टाकतात. ज्या पाण्याची धास्ती, त्याच पाण्यावर शर्यत.

सांगली हे संस्थान 1801 साली मिरजेपासून वेगळे झाले. संस्थापक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनी नदीकाठी काळ्या दगडात गणपतीचे देऊळ बांधवले. ते काम एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बरीच वर्षे चालले. याच चिंतामणरावांच्या सांगण्यावरून विष्णुदास भावे यांनी 1843 साली ‘सीता स्वयंवर’ रंगभूमीवर आणले. मराठी नाटकाचा आरंभ तिथून मोजतात आणि 5 नोव्हेंबर हा रंगभूमी दिन त्याच्याच आठवणीचा. देवळाजवळ भडंग घेऊन पुढे निघाले, कारण दिवस कलत होता.

हरिपूर सांगलीला लागूनच आहे. इथे वारणा कृष्णेला मिळते. संगमेश्वराच्या देवळामागच्या घाटावरून दोन्ही पात्रे दिसतात. वारणेचे पाणी त्या दिवशी कृष्णेपेक्षा गढूळ होते. ‘संगीत शारदा’कार गोविंद बल्लाळ देवल यांचा जन्म 1855 साली याच गावी झाला. हरिपूरची दुसरी ओळख हळदीची पेवे. इथल्या जमिनीत तोंडाशी अरुंद, आत रुंद असे खोल खड्डे खणून त्यांत हळद वर्षानुवर्षे ठेवत. ओल आत शिरत नसे, कीड लागत नसे. पेव उघडल्यावर लगेच आत उतरत नसत, कारण आतली हवा कोंडलेली असते. काही तास वाट पाहून मगच माणूस खाली जाई. सांगलीच्या हळद बाजाराचा पैसा एके काळी असा जमिनीखाली साठलेला असे. 2005 च्या पुराने त्यांतली बहुतेक पेवे निकामी केली आणि हळद गोदामांत गेली. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा पेवांचा बहुतेक व्यवहार संपलेला होता.

ही फेरी दिवाळीनंतर ते होळीपर्यंत करावी. जून ते सप्टेंबर टाळावी. वेळ कमी पडलाच तर सांगली शहर आटोपते घ्यावे, पण बहेचे बेट वगळू नये. आणि कुठल्याही घाटावर पोहण्यासाठी पाण्यात उतरू नये.