चिंचोक्यांचा हिशेब

बायका वय चोरतात, असा एक जुना प्रवाद आहे. तो पुरुषांनीच पसरवला असावा. आपली चोरी लपवायची तर दुसऱ्याकडे बोट दाखवणं हा सगळ्यांत सोपा मार्ग. माझ्या पाहण्यातला पन्नाशी ओलांडलेला पुरुष केसांना कलप लावतो, जिना चढताना मध्येच थांबून भिंतीवरची चित्रं न्याहाळतो, आणि चष्म्याचा नंबर वाढला का असं विचारलं, की हल्ली वर्तमानपत्राची छपाईच वाईट झाली आहे म्हणून सांगतो. असे पुरुष आपल्या वयाचा दाखला हौसेनं पुढं करताना मी पाहिले ते एकाच ठिकाणी – गोल्फच्या मैदानावर!

आता गोल्फचा आणि माझा संबंध काय, असं वाचक विचारतील, आणि त्यांचं चूक नाही. मी शाळामास्तर. पहिलीच्या वर्गाला मुळाक्षरं आणि अंक शिकवतो, आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. मॅट्रिकला गणितात काठावर पास झालेला माणूस मुलांना अंक शिकवतो, यातली गंमत आमच्या मुख्याध्यापकांच्या अजून ध्यानात आलेली नाही. खेळ म्हणाल, तर माझी मजल विटीदांडूपर्यंत.

पण गेल्या वर्षी उन्हाळ्यात आमच्या अण्णामामांच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली. पावसाळा संपता संपता डॉक्टरांनी त्यांना पुन्हा खेळायची परवानगी दिली. मामींनी मात्र दिली नाही. किंवा दिली ती अट घालून. "एकट्यानं जायचं नाही. भाच्याला बरोबर न्यायचं." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू नुसता बरोबर राहा रे. झाडाखाली बस, काय हवं ते लिही. पण लक्ष ठेव."

अशा रीतीनं गेल्या ऑक्टोबरपासून यंदाच्या मार्चपर्यंत, महिन्याचा एक रविवार मी मामांच्या मागून पुण्याच्या पूर्वेकडच्या एका मैदानावर चाललो. झाडाखाली बसणं जमलं नाही, कारण या खेळात कुणी एका जागी थांबतच नाही. अठरा होल खेळायचे म्हणजे चार-साडेचार तासांची पायपीट.

स्पर्धा होती ५५ वर्षांवरच्या हौशी खेळाडूंची. सहा महिन्यांत सहा फेऱ्या, त्यांतल्या उत्तम चारांची बेरीज. हा ५५ चा आकडा काही आमच्या पुणेकरांनी काढलेला नाही. ज्येष्ठ हौशी खेळाडूंच्या मोठमोठ्या स्पर्धांना हीच मर्यादा असते; अमेरिकेत अशी राष्ट्रीय स्पर्धा १९५५ सालापासून भरते. आपल्या देशालाही हा खेळ नवा नाही. कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ सालचा. ब्रिटिश बेटांबाहेर त्याच्याहून जुना क्लब नाही.

मामा ७१ वर्षांचे. सारी नोकरी बँकेत झाली, शेवटी हिशेबतपासनीस होते. पंचवीस पैशांचा मेळ लागेना म्हणून रात्री नऊपर्यंत शाखा उघडी ठेवणारा माणूस. त्यांचे तीस वर्षांचे जोडीदार बापूसाहेब ७४ वर्षांचे, पाटबंधारे खात्यातले निवृत्त इंजिनिअर. कुठल्या कालव्याची लांबी किती, कुठल्या धरणाला दरवाजे किती, हे त्यांना तोंडपाठ. दोघं एकमेकांना 'अण्णा' आणि 'बापू' म्हणत आणि दर फेरीला एकमेकांच्या खेळाची यथेच्छ निंदा करीत.

या खेळाची मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट म्हणजे त्याचा हँडिकॅप. खेळाडूच्या शेवटच्या वीस फेऱ्यांतल्या उत्तम आठ घेऊन तो काढतात. २०२० सालापासून जगात बहुतेक सगळीकडे हीच रीत आहे. खेळ जितका कच्चा, तितके जास्त फटके त्याला सवलतीचे मिळतात. म्हणजे पन्नाशीत १४ असलेला आकडा सत्तरीत २२ होतो, आणि तो आकडा नावापुढं लिहून सूचनाफलकावर लावला जातो. आपण किती म्हातारे झालो याचा इतका चोख जाहीर हिशेब मी दुसरीकडे कुठं पाहिला नाही. तरी माणसं त्या फलकापुढं हसत उभी असत!

गुण मोजण्याची पद्धतही मोठी दयाळू. डॉक्टर फ्रँक स्टेबलफर्ड या इंग्रज शल्यविशारदानं ती काढली, आणि १९३२ साली वॉलसीच्या मैदानावर तिची पहिली स्पर्धा झाली. सवलत वजा जाता ठरल्या फटक्यांत चेंडू होलात गेला तर दोन गुण, एक जास्त लागला तर एक, एक कमी लागला तर तीन. फारच नासलं तर शून्य घ्यायचं, चेंडू उचलायचा आणि पुढच्या होलाकडे चालू लागायचं. एका होलाच्या अपयशानं सगळा दिवस बुडत नाही. शाळेच्या परीक्षांसाठीही हे गृहस्थ काही करून जाते, तर बरं झालं असतं.

पण पंच कुठं असतो, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं. मामा हसले. "पंच नाही. माझं कार्ड बापू लिहितो, त्याचं मी. शेवटी दोघांनी सह्या करायच्या. आपले फटके आपण सांगायचे." खऱ्याहून कमी आकडा लिहून सही केली, तर खेळाडू बादच होतो. मग मामांनी मला बॉबी जोन्सची गोष्ट सांगितली. १९२५ साली अमेरिकेच्या खुल्या स्पर्धेत फटक्याच्या तयारीत असताना याचा चेंडू किंचित हलला. कुणी पाहिलं नव्हतं. यानं आपणहून एक दंडाचा फटका मोजायला लावला. स्पर्धेअखेर तो बरोबरीत आला, आणि जादा फेऱ्यांत एका फटक्यानं हरला! परीक्षेच्या वेळी वर्गातून मांजरीच्या पावलांनी फिरणाऱ्या माझ्यासारख्या मास्तराला ही गोष्ट ऐकून जरा ओशाळल्यासारखंच झालं.

ऑक्टोबर आणि नोव्हेंबर मजेत गेले. टिटव्या ओरडत, दव पडलेलं असे, आणि मामांच्या गालांवर पुन्हा रंग दिसू लागला होता. डिसेंबरच्या फेरीत एक बारीकशी गोष्ट घडली. एका होलावर बापूसाहेब म्हणाले, "माझे सात." मामा म्हणाले, "बापू, सहा." सगळे हसले. स्वतःच्या नुकसानीचा आकडा सांगणारा माणूस कुणालाही आवडतोच.

जानेवारीत फलकावर बापूसाहेब पहिले होते, मामा दुसरे. त्या रविवारी एका लांब होलावर बापूसाहेबांचा खेळ जरा विस्कटला. चेंडू शेवटी होलात पडला, तेव्हा ते म्हणाले, "सहा."

मामांचं पेन्सिल धरलेलं बोट कार्डावर थांबलं. "सात, बापू."

"सहा."

"सात झाले."

बापूसाहेबांचा चेहरा लाल झाला. "तीस वर्षांत माझा आकडा चुकला आहे का कधी? ऐक. पहिला बाभळीखाली गेला. दुसऱ्यानं बाहेर काढला. तिसरा मध्यावर. चौथा ग्रीनवर, आणि मग दोन. सहा!"

मामा बोलेनात. मी कॅडीकडे पाहिलं. साठीच्या घरातला माणूस. पोरसवदा वयापासून या मैदानावर पिशव्या वाहत आलेला. त्यानं मान खाली घातली होती. दोन साहेबांच्या भांडणात साक्ष देणं त्याच्या पोटाच्या दृष्टीनं शहाणपणाचं नव्हतं. थोड्या वेळानं तो हलक्या आवाजात म्हणाला, "साहेब, वाळू आत्ताच सारखी केली मी."

आम्ही सगळ्यांनी तिकडं पाहिलं. ग्रीनच्या कडेला वाळूचा खड्डा होता, आणि त्यात दाताळ्याच्या ताज्या रेघा स्वच्छ दिसत होत्या. चौथा फटका त्या वाळूत गेला होता. पाचव्यानं चेंडू ग्रीनवर आला होता. बापूसाहेब त्या रेघांकडे कितीतरी वेळ बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरचा राग गेला आणि तिथं जे आलं ते मला बघवेना. तो फटका त्यांनी लपवला नव्हता. तो त्यांच्यापाशी नव्हताच.

"सात लिही," ते म्हणाले. उरलेले होल त्यांनी मुकाट्यानं खेळले, सही केली, आणि फेब्रुवारीत ते आले नाहीत.

येताना गाडीत मी मामांना म्हटलं, "एका गुणाचा तर प्रश्न होता. सहा लिहिले असते तर?"

मामा म्हणाले, "अफरातफर करणाऱ्याच्या सगळ्या चुका एकाच बाजूला पडतात, त्याच्या फायद्याच्या. बापू डिसेंबरात स्वतःच्या विरुद्ध चुकला, आज बाजूनं चुकला. ही लबाडी नव्हे रे. मी सहा लिहिले असते, तर त्याला कळलं नसतं. पण पुढच्या वेळी दुसरा कुणी असता, तर त्यानं त्याला लबाड म्हटलं असतं." मग बराच वेळ ते खिडकीबाहेर पाहत राहिले.

आमच्या वर्गात अंक शिकवायला चिंचोके असतात. फेब्रुवारीतल्या एका सकाळी मी बेरजा घातल्या होत्या. एक मुलगी मोजता मोजता सारखी चुके. मी काही सांगण्याआधीच तिनं युक्ती केली. मोजलेला चिंचोका पाटीच्या डावीकडून उचलून ती उजवीकडे ठेवू लागली. मग तिला काही लक्षात ठेवावं लागेना. शेवटी उजवीकडचे मोजले, की झालं. त्या संध्याकाळी मी मूठभर चिंचोके मामांकडे नेले.

"बापूला हे देऊ?" मामा म्हणाले. "नद्यांच्या पाण्याचे हिशेब केलेत त्यानं! पहिलीतल्या पोराचा खेळ त्याच्या हातात ठेवू?" मोजणीसाठी असं काही जवळ बाळगायला नियमांची हरकत नसते, दुकानांत त्यासाठी मण्यांचे दोरेही मिळतात, हे त्यांनीच मला सांगितलं. पण मित्राच्या हातात ते ठेवायचे कसे, हे कुठल्या नियमात लिहिलेलं नव्हतं. चिंचोके मात्र त्यांनी परत केले नाहीत. बराच वेळ मुठीत खेळवत बसले.

मार्चच्या शेवटच्या फेरीच्या आदल्या रात्री मी त्यांच्याकडेच होतो. मामांनी फोन लावला. "बापू, उद्या ये. अरे, माझीच अडचण आहे. शस्त्रक्रियेपासून माझं मोजणं चुकायला लागलंय. खिशात चिंचोके घेऊन खेळतो आहे मी. हस, हस. पण अनोळखी माणूस माझं कार्ड लिहायला नको. तू ये."

मी थक्क होऊन ऐकत होतो. पंचवीस पैशांसाठी रात्रीचे नऊ वाजवणारा माणूस बेधडक खोटं बोलत होता. मामी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत.

बापूसाहेब आले. पहिल्या होलावर मामांनी दहा चिंचोके डाव्या खिशात घातले, आणि फटका मारला की मोठ्या गाजावाजानं एक उजव्या खिशात टाकू लागले. बापूसाहेबांनी दोन होल हे पाहिलं. तिसऱ्या होलावर ते म्हणाले, "जास्तीचे आहेत का रे?" मी मास्तर, माझ्या खिशात नसतील तर कुणाच्या असतील? मी मोजून दहा दिले.

सतराव्या होलावर मामा म्हणाले, "माझे पाच."

बापूसाहेबांनी पेन्सिल उचलली, आणि थांबले. "अण्णा, खिसा बघ."

मामांनी उजवा खिसा उलटा केला. तळहातावर सहा चिंचोके होते. एक क्षणभर कुणी बोललं नाही. मग बापूसाहेब इतके मोठ्यानं हसले, की जवळच्या दोन टिटव्या उडाल्या. "सहा!" ते म्हणाले, आणि ठसठशीत अक्षरात त्यांनी सहा लिहिले. त्या वर्षीचा चषक मिळाला एका ६२ वर्षांच्या 'तरुण' गृहस्थांना. आमचे दोघं दुसरे आणि तिसरे; आणि दुसरा कोण, यावर चहा होईपर्यंत भांडत होते.

परतताना मी विचारलं, "मामा, सतराव्यावर तुम्ही मुद्दाम पाच म्हणालात ना?"

ते समोरच्या रस्त्याकडे पाहत राहिले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "तसंच समज."

त्यानंतर मी कधी विचारलं नाही. यंदा दसऱ्यानंतर मामींनी दिवाळीची आवराआवर काढली, तेव्हा कपडे धुण्याच्या यंत्रात काहीतरी खडखडतंय म्हणून मला बोलावणं आलं. निघाले तीन चिंचोके. मामी रागावल्या, आणि मग धुऊन, पुसून, मोजून त्यांनी ते मामांच्या खेळायच्या विजारीच्या डाव्या खिशात परत ठेवले. सात आधीच तिथं होते. रविवारी पहिली फेरी आहे.