पुंगळी काय सांगते

लिव्हर-ॲक्शन रायफल उघडायची तर पहिलं हत्यार स्क्रूड्रायव्हर, आणि तोही नेहमीचा निमुळत्या पात्याचा नव्हे. पातं दोन्ही बाजूंनी समांतर घासलेलं हवं, खाचेच्या तळाला टेकणारं आणि खाच पूर्ण भरणारं. जुन्या विंचेस्टरच्या स्क्रूंच्या खाचा फार अरुंद असतात. निमुळत्या पात्याचा जोर फक्त वरच्या कडांवर येतो, कड उलते, आणि शंभर वर्षं टिकलेला स्क्रू एका मिनिटात विद्रूप होतो. म्हणून जुनी रायफल हातात आली की मी आधी नळीत डोकावत नाही, स्क्रू बघतो. खाचा शाबूत असल्या तर आतही कुणी दांडगाई केलेली नसावी, असं धरून पुढे जाता येतं.

॰

मी राहतो त्या कनेक्टिकट राज्यात हा सगळा इतिहास जवळजवळच्या गावांत मावलेला आहे. न्यू हेवनला विंचेस्टर आणि मार्लिन. ब्रिजपोर्टला युनियन मेटॅलिक कार्ट्रिज कंपनी. जुन्या पुंगळ्यांच्या बुडावर ‘यू. एम. सी.’ अशी अक्षरं दिसतात ती तिची. आणि नॉगटक नदीच्या खोऱ्यात वॉटरबरी, पितळेचं गाव. तिथले लोक बटणं आणि घड्याळांची चाकं करण्यासाठी पितळेचे पातळ पत्रे लाटायला आधीच शिकले होते. धातूच्या काडतुसाची वेळ आली तेव्हा ती विद्या तयार होती. रायफलींच्या पुस्तकांत बंदुकांचा रचनाकार जॉन ब्राउनिंग याच्यावर प्रकरणंच्या प्रकरणं असतात आणि वॉटरबरीवर एखादी ओळ. मला हे अन्यायाचं वाटतं. पत्रा नीट लाटता आला नसता तर लिव्हरला ओढायला काही उरलंच नसतं.

॰

ऑलिव्हर विंचेस्टर मूळचा शर्टांचा कारखानदार. बंदुकीचं डोकं त्याच्या कारखान्यातल्या बेंजामिन टायलर हेन्रीचं. हेन्रीचं पेटंट १६ ऑक्टोबर १८६० चं. त्याच्या रायफलीत बोल्टमागे दोन दुवे असत, गुडघ्यासारखे: सरळ झाले की कुलूप, दुमडले की बोल्ट मागे. १८६६ आणि १८७३ च्या मॉडेलांत हाच सांधा राहिला. हाताला तो अतिशय गोड लागतो, पण अंगात जोर कमी. लांब आणि ताकदीच्या काडतुसाला तो पुरा पडेना, तेव्हा युटामधल्या ऑग्डेनच्या जॉन ब्राउनिंगने १८८६ च्या मॉडेलात बोल्टच्या दोन्ही अंगांना उभे अडसर घातले. १८९४ मध्ये त्याने बोल्टच्या मागून वर चढणारा एकच ठोकळा दिला. त्या मॉडेलच्या सत्तर लाखांहून जास्त रायफली निघाल्या. न्यू हेवनमधलं काम २००६ मध्ये थांबलं. जुन्या कारखान्याच्या काही इमारतींत आता लोक राहतात.

॰

१८७३ च्या मॉडेलची ख्याती वेगळ्या कारणांसाठी आहे, पण घरच्या कारागिराच्या दृष्टीने त्यातली खरी गोष्ट काडतुसात आहे. हेन्रीचं काडतूस रिम-फायर होतं: ठिणगीचा मसाला पुंगळीच्या कडेच्या घडीत भरलेला. एकदा उडालं की संपलं. १८७३ बरोबर आलेलं .४४-४० हे सेंटर-फायर. बुडाच्या मधोमध प्रायमर. तो काढून नवा बसवता येतो. दुकानापासून फार दूर राहणाऱ्या माणसाला आपली काडतुसं आपणच पुन्हा भरता येऊ लागली आणि त्यासाठीची हातपकडीसारखी अवजारं विंचेस्टर स्वतः विकू लागली. माझ्या बाकावर जे चालतं त्याची सुरुवात तिथे आहे.

॰

काडतुसाचं पितळ म्हणजे ७० भाग तांबं आणि ३० भाग जस्त. हे प्रमाण उगाच आलेलं नाही. या मिश्रणाची चकती ठोकून वाटी करायची, वाटी ओढून ओढून नळी करायची, तरी ते फाटत नाही. शिवाय त्याला एक काम असं करावं लागतं की जे पोलादाला तितकं साधत नाही. दारू पेटली की पुंगळीच्या भिंती फुगून चेंबरला चिकटायला हव्यात, म्हणजे वायू मागे नेमबाजाच्या तोंडावर येत नाही; आणि दाब उतरताच त्या किंचित आत यायला हव्यात, नाहीतर पुंगळी निघणारच नाही. पितळेची ताठरता पोलादाच्या निम्म्याच्या आसपास असते, त्यामुळे ते ताणही घेतं आणि परतही येतं.

हे सगळं एकाच पुंगळीत, पण सगळीकडे सारखं नाही. बूड कडक हवं, प्रायमर घट्ट धरणारं. तोंड आणि मान नरम हवी. कारखान्यात हा चढउतार मुद्दाम घडवलेला असतो. लष्करी पुंगळ्यांच्या मानेवर निळसर-तांबूस झाक दिसते ती तापवल्याची खूण. बाजारात विकायच्या मालावरून ती सहसा घासून काढतात. पुष्कळ लोकांना तो डाग वाटतो. मला तो पाहिला की बरं वाटतं.

॰

पितळ ठोकलं, वाकवलं, ताणलं की कडक होत जातं. पुंगळी उडताना फुगते, डायमध्ये, म्हणजे मूळ मापावर आणणाऱ्या साच्यात, परत दाबली जाते, पुन्हा फुगते. काही फेऱ्यांनंतर मान ताठ होते आणि एक दिवस तोंडापासून उभी चीर जाते. उपाय म्हणजे मान तापवून पुन्हा नरम करणं. पुण्याच्या तांबट आळीत हे शास्त्र पिढ्यान्‌पिढ्या हातात आहे: भांडं घडवताना मधेमधे भट्टीत घालून नरम करायचं, आणि शेवटी मठारकाम करून त्याला कडकपणा आणायचा. तांबट जो कडकपणा मुद्दाम ठेवतो तो मला मानेतून काढायचा असतो. धातूचा नियम एकच.

इथे नवख्यांचा एक पक्का गैरसमज असतो. तापवून पाण्यात टाकलं की पोलाद कडक होतं, म्हणून पितळही होईल असं त्यांना वाटतं. होत नाही. पाण्याचं काम एवढंच, की उष्णता मानेवरून खाली बुडाकडे उतरू नये. तापमान दाखवणारा रंग पुंगळीच्या मध्यावर लावून ठेवावा. बूड नरम झालेली पुंगळी हातोड्याने चेपून भंगारात टाकावी, दुसऱ्या कुणाच्या हाती लागेल अशी ठेवू नये.

॰

पितळेचा सर्वांत विलक्षण अध्याय भारतात घडला. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसं तिथे न वापरताच तडकत. चूक दारूची नव्हती, हाताळणीची नव्हती. पावसाळ्यात मोहिमा थांबत, दारूगोळा तबेल्यांत ठेवला जाई, आणि कोरडा ऋतू आल्यावर पेट्या उघडल्या की पुंगळ्यांना भेगा. याला ‘सीझन क्रॅकिंग’ म्हणू लागले. खुलासा १९२१ मध्ये मूर, बेकिनसेल आणि मॅलिन्सन यांनी केला. घोड्यांच्या मुतातून अमोनिया सुटतो, हवेत दमटपणा असतो, आणि ओढून घडवलेल्या पुंगळीच्या अंगात ताण अडकून राहिलेला असतो. या तीन गोष्टी एकत्र आल्या की पितळ कणांच्या सीमांवरून तडकतं. एक गोष्ट काढली की तडकत नाही. घोडे आणि पाऊस हटवता येणार नव्हते, म्हणून ताण काढला: मंद आचेवर तापवून, इतकं मंद की कडकपणा जवळजवळ तसाच राहतो आणि अंगातली ओढ तेवढी जाते.

ताण आणि कडकपणा या दोन निराळ्या गोष्टी आहेत आणि एक ठेवून दुसरी काढता येते, हे कुठल्याही वर्गापेक्षा या तबेल्यांनी मला चांगलं शिकवलं.

याचा रोजच्या कामातला भाग असा: ब्रासोसारख्या पॉलिशमध्ये अमोनिया असतो. देवघरातल्या समईला ते चालतं. पुन्हा भरायच्या पुंगळीला कधीही लावू नये.

॰

मग पुंगळ्या स्वच्छ कशा करायच्या? आपल्या स्वयंपाकघरात पितळ चिंचेने घासतात. इथले लोक कोमट पाण्यात सायट्रिक ॲसिड टाकतात. दोन्हीकडे काम तेच: सौम्य आम्ल वरचा काळा थर विरघळवतं. आम्ल तीव्र झालं किंवा वेळ जास्त झाला तर पितळ गुलाबी दिसू लागतं, म्हणजे वरच्या थरातलं जस्त निघून तांबं उघडं पडलं. गुलाबी छटा येण्याआधी काढावं आणि साध्या पाण्याने भरपूर धुवावं. आरशासारखी चमक अगदी अनावश्यक आहे. रेतीचा कण राहू नये एवढंच हवं, कारण तो कण डायला ओरखडतो.

आणि धूळ. उडालेल्या प्रायमरच्या राखेत शिसं असतं. कोरड्या यंत्रात पुंगळ्या घासल्या तर ती धूळ खोलीभर होते. झाकण, उघडी खिडकी, कामानंतर साबणाने हात, आणि मुलांना त्या खोलीत प्रवेश नाही.

॰

.३०-३० हे १८९५ मध्ये आलेलं काडतूस, बिनधुराच्या दारूचं. त्यासाठी विंचेस्टरला निकेल-पोलादाची नळी करावी लागली. अमेरिकेतल्या हरणांच्या शिकाऱ्यांनी ते आजतागायत सोडलेलं नाही. पण पुन्हा भरणाऱ्याची परीक्षा बघावी ती यानेच.

पुंगळीला बुडाशी कड असते आणि ती कड चेंबरच्या तोंडाशी अडते. पुढे खांद्याशी, म्हणजे मान सुरू होते तिथे, किती जागा आहे याची रायफलीला फिकीर नसते, आणि जागा बरीच असते. त्यात या रायफलींचं कुलूप बोल्टच्या मागच्या टोकाला. दाबाखाली बोल्ट केसभर दबतो आणि रिसीव्हर केसभर ताणला जातो. आता काय होतं बघा: पुंगळीचा पुढचा भाग फुगून चेंबरला घट्ट धरतो, बूड मागे सरकतं, आणि मधलं पितळ ताणलं जातं, नेमकं बुडाच्या भरीव भागाच्या वर. मग आपण डायमध्ये खांदा पूर्ण मागे दाबतो आणि पुढच्या बाराला पुन्हा ताणायची सोय करून देतो. भिंत आतून पातळ होत जाते. बाहेर बुडाच्या वर एक उजळ वर्तुळ दिसू लागतं. ते दिसल्यावरही जो पुंगळी वापरतो त्याचं बूड एक दिवस तुटून बाहेर येतं, उरलेली नळी चेंबरमध्ये अडकते आणि वायू मागे फुटतो. चष्म्याशिवाय बार काढू नये तो यासाठी.

तपासायला महागडं काही लागत नाही. कागदाच्या क्लिपची तार सरळ करून टोक काटकोनात वळवायचं आणि पुंगळीच्या आत भिंतीवरून वर-खाली फिरवायचं. खोबण असेल तर टोक अडखळतं. अडखळलं की टाकून द्यायची, वाद नाही.

आणि मूळ उपाय डायच्या बसवणीत आहे. खांदा इतकाच मागे न्यायचा की लिव्हर बोटांच्या जोरावर मिटेल. फक्त मान दाबून भागवायचं, ही बोल्ट-रायफलवाल्यांची रीत इथे चालत नाही. लिव्हरमध्ये काडतूस रेटून बसवण्याची ताकद नसते.

॰

नळीखालच्या मॅगझीनमध्ये काडतुसं एकामागे एक, प्रत्येकाची गोळी पुढच्याच्या प्रायमरवर टेकलेली. म्हणून गोळीचं नाक चपटं. टोकदार गोळी इथे भरणं म्हणजे धक्क्यासरशी मॅगझीनमध्येच बार होण्याची वाट बघणं. आर्थर सॅव्हेजच्या मॉडेल ९९ मध्ये मॅगझीन फिरतं होतं, म्हणून त्यात टोकदार गोळी चाले. मॅगझीनच्या स्प्रिंगचा दाबही गोळीला आत ढकलतो, तेव्हा पुंगळीचं तोंड गोळीच्या खाचेत वळवून घट्ट करावं लागतं. सगळ्या पुंगळ्या एका लांबीच्या नसतील तर हे वळण कुठे जास्त, कुठे कमी. छाटणी कंटाळवाणी आहे, पण ती टाळून नेमकेपणा मिळत नाही.

॰

सुट्या भागांबद्दल. १९६४ पूर्वीच्या विंचेस्टरचे भाग हाताने जुळवलेले असतात. दुसऱ्या रायफलीतला भाग तसाच बसेल असं नाही. खुणेचा निळा रंग लावायचा, भाग बसवून लिव्हर चालवायची, रंग कुठे पुसला ते बघायचं, तिथेच बारीक दगडाचा हात फिरवायचा. कानस शक्यतो लांबच. मार्लिन ३३६ मध्ये लिव्हरची तीक्ष्ण कड काडतूस उचलणाऱ्या पट्टीला चावते, पट्टीत खड्डा पडतो, वेळ चुकते आणि दोन काडतुसं एकमेकांत अडकतात. तिथे लिव्हरची कड मोडून गुळगुळीत करणं हा पहिला इलाज.

घोड्याची खाच आणि चापाचं टोक यांना मी हात लावत नाही. वरचा कडक थर पातळ असतो. तो घासून गेला की खालचं नरम पोलाद उघडं पडतं आणि घोडा आपोआप सुटू शकतो. ते काम परवानाधारक गनस्मिथचं.

॰

अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी काडतुसं भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही, पण या राज्यात तयार काडतुसं विकत घ्यायलाही प्रमाणपत्र लागतं. भारतात १९५९ चा शस्त्र कायदा आहे आणि त्याखाली परवान्याशिवाय असलं काही घरी करणं गुन्हा आहे. तिकडून मित्र विचारतात तेव्हा मी पितळेबद्दल हवं तेवढं बोलतो, भरण्याबद्दल नाही.

॰

.४४-४० ची मान इतकी पातळ की डायच्या कडेला जराशी आपटली तरी चेपते. लोक वैतागून .४५ कोल्टकडे वळतात. पण रायफलीतून निघालेल्या दोन्ही पुंगळ्या शेजारी ठेवाव्यात. .४५ च्या भिंतीवर बुडापर्यंत काजळी, .४४-४० ची काजळी मानेपाशीच थांबलेली. पातळ मान कमी दाबातही झटकन फुगते आणि वायू अडवते. जुन्या काळ्या दारूच्या माणसांना याचं महत्त्व कळत होतं.

॰

बाकावर सध्या मार्लिनचं १८९३ चं मॉडेल आहे. या मॉडेलच्या काही नळ्यांवर ‘स्पेशल स्मोकलेस स्टील’ असा शिक्का असतो, काहींवर ‘फॉर ब्लॅक पावडर’. माझ्या नळीवर दुसरा आहे. काडतूस एकच बसतं, म्हणून पुष्कळांना फरक दिसत नाही. नळीचं पोलाद मात्र वेगळं आहे. या रायफलीच्या पुंगळ्या मी निराळ्या डब्यात ठेवल्या आहेत आणि त्यांत बिनधुराची दारू जाणार नाही.