शंभर वेळा सांगितलेली गोष्ट

म्हैसूरच्या एका शाळेत बाई इंग्रजीतून रागावल्या, ‘‘तुला शंभर वेळा सांगितले!’’ मराठी घरातून आलेला मुलगा पुटपुटला, ‘‘तीनदाच.’’ वर्ग हसला. त्याचे डोळे मात्र भरून आले. त्याला तो आपल्यावरील खोटा आळ वाटला. घरी आई हेच वाक्य मराठीत बोले, तेव्हा त्याने कधी मोजदाद केली नव्हती.

परकी भाषा मुलांना प्रथम शब्दशः भेटते. वाक्प्रचारांचे अर्थ पाठ करवून घेता येतात; अतिशयोक्तीमागील राग आणि लोभ पाठ होत नाही. बाईंच्या ते ध्यानी आले. त्यांनी विचारले, ‘‘भूक लागली की घरी काय म्हणतोस?’’ ‘‘पोटात कावळे ओरडतात.’’ ‘‘पाहिलेस कधी?’’ मुलगा हसला. शेजारच्या मुलीने कन्नडमधील आकाशाला शिडी लावणे सांगितले. मग अख्खा घोडा खाण्याइतकी इंग्रजी भूक कुणालाच खोटी वाटेना. स्वभाषेचा हात धरूनच मुले परभाषेचा उंबरठा ओलांडतात.

याच नगरीत राहिलेले आर. के. नारायण विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेत इंग्रजीतच अनुत्तीर्ण झाले होते. १९३५ साली ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ ही त्यांची पहिली इंग्रजी कादंबरी प्रसिद्ध झाली, तिचा नायक एक शाळकरी मुलगाच आहे. भाषेची नाडी गुणपत्रिकेला सापडतेच असे नाही.

दुसऱ्या दिवशी बाई पुन्हा रागावल्या, ‘‘हजार वेळा सांगितले!’’ मुलाने मोजले नाही. त्याने मुकाट्याने वही उघडली.